बोअरच्या तोंडाशी

मे संपत आला की पुण्यात प्लंबर मिळणं अवघड होतं. वर्षभर निवांत बसलेल्या सोसायट्यांना एकदम पाऊस आठवतो. त्यातलीच एक आमची, सहकारनगरातली तीन मजली. गच्चीवरचं पाणी बोअरला सोडायचं सभेत ठरलं, प्लंबर आले आणि मी त्यांच्यामागोमाग गच्चीवर गेले.

हत्यारांची पिशवी त्यांनी जिन्यातच ठेवली आणि आधी बादली मागितली. गच्चीच्या मधोमध पाणी ओतून ते नुसते बघत उभे राहिले. तीन कोपऱ्यांकडे पाणी सरळ गेलं, चौथ्याच्या अलीकडे तळं साचलं. "इथं पारव्यांची घाण कुजणार. आधी उतार करून घ्या, पाइप नंतर," असं म्हणून ते टाकीखाली वाकले. टाकीचा ओव्हरफ्लो गच्चीवरच सोडलेला होता आणि तिथे शेवाळाचा हिरवा पट्टा उमटला होता.

मग ते खाली येऊन पावसाळी पाइपांची तोंडं तपासू लागले. कडक ऊन, आभाळात ढग नाही, आणि एका पाइपातून पाणी ठिबकत होतं. त्यांनी ते बोटावर घेऊन चोळलं, फेस आला. दुसऱ्या मजल्यावर बाल्कनीत वॉशिंग मशीन ठेवलं होतं, त्याचं पाणी शेजारून जाणाऱ्या पाइपाला भोक पाडून आत सोडलं होतं. जोडणी सफाईदार होती, हे कबूल करायला हवं. असं पुष्कळ इमारतींत सापडतं म्हणे. तो पाइप बोअरला जोडला असता तर साबणाचं पाणी बारा महिने जमिनीत गेलं असतं, आणि पावसाचं पाणी जिरवतो म्हणून आम्ही मिळकतकरात महापालिकेची सवलतही घेतली असती.

आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे. पाणी त्याच्या भेगांतून, दोन थरांमधल्या सांध्यांतून फिरतं. माती-मुरमातून हळूहळू मुरणारं पाणी वाटेत बरंचसं गाळलं जातं. बोअरमधून सोडलेल्या पाण्याला ती वाटच मिळत नाही. तोंडाने घेतलेलं औषध आणि शिरेतून दिलेलं इंजेक्शन यांत जेवढा फरक, तेवढाच इथे. शिवाय भेगा सोसायटीची हद्द ओळखत नाहीत. आपण ओतलेलं शेजारच्यांच्या बोअरला निघू शकतं.

म्हणून पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं. धूळ, विष्ठा, कुजलेली पानं त्यातच असतात. आमची गच्ची साधारण 300 चौरस मीटर, म्हणजे 1 मिलिमीटर पावसाला 300 लिटर पाणी. चार इंची पाइपाचा उभा तुकडा लावून, त्याच्या तळाला टोपण बसवून पहिलं पाणी अडवायची पद्धत आहे, पण त्या पाइपात मीटरमागे जेमतेम आठ लिटर मावतं. छोट्या बंगल्याला ते पुरेल. आमच्यासाठी प्लंबरनी फाट्यावर दोन व्हॉल्व्ह बसवले: एक बोअरकडे, एक बागेकडे. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि मध्ये मोठी उघडीप झाली तर नंतरही, बागेकडचा उघडा ठेवायचा. तो फिरवणार कोण, यावर मात्र कामाला लागला त्याहून जास्त वेळ चर्चेत गेला.

बोअरभोवतीच्या गाळणीच्या खड्ड्यात तळाला गोटे, त्यावर खडी, त्यावर जाळी आणि सगळ्यात वर धुतलेली वाळू. बोअरच्या केसिंग पाइपाला खड्ड्यातल्या खालच्या भागात भोकं पाडून बारीक जाळी गुंडाळली, वरचं तोंड जमिनीपासून दोन फूट उंच ठेवून झाकलं. खड्ड्याला चहूबाजूंनी विटांचा कठडा केला. कारण पार्किंगचं पाणी. त्यात ऑइल असतं, टायरची झीज असते. असलं पाणी वाळूला झेपत नाही. ते बोअरपासून लांब, कुंपणालगतच्या मातीच्या पट्ट्यात वळवलं. तिथे फरशी काढून झाडं लावली आणि कडेचा कट्टा दोन ठिकाणी फोडला.

पट्ट्यालाही जे झेपणार नाही ते रस्त्यावरच्या पावसाळी गटारात जाईल. हे गटार सांडपाण्याच्या लाइनपेक्षा वेगळं. ते कुठल्याही शुद्धीकरण केंद्राकडे जात नाही. आमच्या भागातून ते आंबिल ओढ्याला मिळतं आणि ओढा मुठेला. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री याच ओढ्याने काठावरच्या वस्त्यांत किती माणसं नेली, ते इथे कोणी विसरलेलं नाही. एका इमारतीच्या पट्ट्याने पूर थांबत नाही. पण ओढ्यात जाणारं तेल आणि गाळ तेवढा कमी होतो, हेही खोटं नाही.

वाळूचा वरचा थर दर उन्हाळ्यात काढून धुवावा लागतो. नाही धुतला तर त्यावर गाळाची साय धरते आणि मग कुणीतरी वैतागून गाळणी टाळून पाइप थेट बोअरमध्ये खुपसतो. तुमच्या सोसायटीत हे काम कोण करणार ते नावानिशी ठरलं नसेल, तर गच्चीचं पाणी बोअरला जोडू नका. बागेत सोडा.