घराचे वासे मोजताना

कोकणात आपलं एक कौलारू घर असावं, हे पुण्या-मुंबईतल्या प्रत्येक नोकरदाराचं सेकंड ड्रीम असतं. (पहिलं अर्थातच परदेशातली पोस्टिंग!) जांभ्याच्या भिंती, पुढे पडवी, पडवीत झोपाळा... स्वप्नात सगळं असतं. नसतो तो फक्त एक प्रश्न : या घराला लाकूड किती लागेल?

रत्नागिरीजवळच्या आमच्या गावच्या घराचं छप्पर नव्याने करायचं ठरलं, तेव्हा हा प्रश्न माझ्या वाट्याला आला. मी म्हटलं, त्यात काय! एक्सेल उघडलं. घर २० फूट रुंद, ३० फूट लांब. मधे आढं, दोन्हीकडे उतार. म्हणजे एका बाजूला १० फूट, शिवाय भिंतीबाहेर २ फूट पागोळी. वासा झाला १२ फुटांचा. दोन्ही टोकांना २-२ फूट बाहेर धरून छपराची लांबी ३४ फूट. दर २ फुटांवर एक वासा, म्हणजे एका बाजूला १७ आणि दोन्हीकडे मिळून ३४.

वखारीत भाव घनफुटावर असतो. त्याचं गणितही सोपं आहे. रुंदी आणि जाडी इंचात, लांबी फुटात घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि १४४ने भागा. ४ बाय ३ इंचाचा १२ फुटी वासा म्हणजे बरोब्बर १ घनफूट. ३४ वासे, ३४ घनफूट. इतका सुंदर आकडा आला की मी तो डबलचेकसुद्धा केला नाही. एका पाडलेल्या घराचे जुने, मस्त मुरलेले १२ फुटी वासे मिळाले, ते घेऊनही टाकले.

एप्रिलच्या शेवटी सुतारकाका आले. त्यांनी वासे पाहिले, आढ्यापासून खाली दोरी सोडली आणि शांतपणे विचारलं, ‘‘बाय, छप्पर आडवं घालायचं हाय काय?’’

झालं! मी घराचा नकाशा मोजला होता, छपराचा उतार नाही. कोकणातल्या पावसाला उतार चांगला लागतो. आमच्याकडे १२ फूट आडव्या अंतरात छप्पर ७ फूट खाली येत होतं. आता नववीतला पायथागोरस आठवा : १२चा वर्ग अधिक ७चा वर्ग म्हणजे १९३, त्याचं वर्गमूळ जवळपास १४. वासा हवा होता १४ फुटी! १२ फुटी वासे तसेच चढवले असते, तर पागोळी जवळजवळ गायब झाली असती आणि जांभ्याची भिंत चार महिने भिजत राहिली असती.

दुसरी चूक त्याहून बाळबोध होती. ३४ फुटांत दर २ फुटांवर वासा म्हणजे १७ गाळे, पण वासे १८. कुंपणाच्या खांबांसारखंच, शेवटचा एक नेहमी विसरतो. म्हणजे एकूण ३६ वासे, प्रत्येकी १४ फुटी. लाकूड ४२ घनफूट! माझ्या हिशेबापेक्षा ८ घनफूट जास्त, आणि हातात असलेलं सगळं आखूड.

मग रिपांचा हिशेब काकांसोबतच केला. इथे मालक तुम्ही नसता, कौल असतं. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि कोकणातली कित्येक छपरं त्या मंगळुरी कौलांच्या मापाने घडली. दोन रिपांमधलं अंतर कौलाच्या लांबीवरून ठरतं, साधारण साडेबारा इंच. त्यामुळे कौल आधी ठरवा, चार कौलं अंथरून माप घ्या आणि मगच रिपा मागवा. आमच्या १४ फुटी उतारावर १५ ओळी बसल्या. दोन्हीकडच्या मिळून ३० ओळी, प्रत्येक ३४ फुटांची : १०२० फूट. २ बाय १ इंचाच्या रिपांचे हे साधारण १४ घनफूट. आढं, भिंतीवरची लाकडं आणि तुळया वेगळ्या. वर गाठी, चिरा आणि तुकडे यांसाठी दहा टक्के.

एवढी काटेकोर मोजणी कशाला, थोडं जास्त घेऊन टाकावं, असं वाटतं ना? जास्त घेतलं तर पैसे अडकतात आणि उरलेल्या लाकडाला वाळवी गाठते. कमी घेतलं तर मात्र कॅलेंडर अंगावर येतं. मृग लागायच्या आत कौलं चढायलाच हवीत. ३ जून २०२०ला ‘निसर्ग’ वादळाने दापोली-मंडणगडकडची छपरं उडवली, तेव्हा ऐन पावसाच्या तोंडावर उघडं घर म्हणजे काय, हे कित्येक कुटुंबांनी सोसलं.

आमचं नशीब चांगलं. किंजळीचे नवे वासे मिळाले, आणि मेअखेर शेवटचं कौल बसलं. १२ फुटी वासे वाया गेले नाहीत, काकांनी त्यांतून पडवी काढली. आता त्या पडवीत झोपाळाही आहे. त्यावर बसलं की वर बघते आणि वासे मोजते. एक्सेलशिवाय!

वखारीत जाण्याआधी...

* घराच्या चौरस फुटांवरून अंदाज बांधू नका. एकेक लाकूड मोजून यादी करा : नग, लांबी, रुंदी, जाडी.
* वाशाची लांबी उतारावरून, दोरी लावून घ्या.
* ओंडका घेताना घेराचा चौथा भाग काढून त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. ४ फूट घेर, १० फूट लांबी म्हणजे १० घनफूट. पण साल, वाक आणि करवतीचा भुसा गेल्यावर तेवढे वासे निघत नाहीत. कापणाऱ्याला आधी विचारा.
* जुनं लाकूड घेताना खिळ्यांची आणि कुजलेली टोकं वगळून लांबी धरा.
* आपल्याच परसातलं झाड तोडणार? साग, आईन, किंजळ, फणस ही झाडं १९६४च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. आधी परवानगी, मग कुऱ्हाड.