‘ऑफिसिनॅलिस’ या लॅटिन पदाचा अर्थ

घाऊक व्यापाऱ्यांच्या यादीत ज्या वनस्पतीच्या नावात ‘ऑफिसिनॅलिस’ हे पद असते ती अधिक गुणकारी समजावी काय, असा प्रश्न कोलशेत-ढोकाळी परिसरातील काही फार्मसीचालकांनी आम्हांस केला. तसे समजू नये, हे उत्तर आरंभीच देऊन ठेवतो.

‘ऑफिसिना’ म्हणजे कर्मशाळा. मध्ययुगीन युरोपातील मठांत औषधे साठविण्याच्या व सिद्ध करण्याच्या दालनास हेच नाव रूढ झाले. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या ३६ व्या अध्यायात वर्णिलेले भेषजागार डोळ्यांपुढे आणले, की वेगळ्या भाषांतराची गरज उरत नाही. ऑफिसिनॅलिस म्हणजे भेषजागारात ठेवली जाणारी. लिनियसने १७५३ च्या ग्रंथात हे विशेषण अनेक वनस्पतींना लावले. त्यावरून कळतो तो युरोपीय औषधविक्रेत्यांचा परिपाठ. रस, वीर्य, विपाकाविषयी ते काहीही सांगत नाही. लॅटिन विशेषण नामाच्या लिंगानुसार बदलते, म्हणून आल्याचे नाव ‘झिंजिबर ऑफिसिनेल’ असे होते. तो मुद्रणदोष नव्हे.

आवळ्यास लिनियसने फायलँथस एम्ब्लिका म्हटले, गेर्टनरने १७९० मध्ये एम्ब्लिका ऑफिसिनॅलिस म्हटले, आणि आज पुन्हा पहिलेच नाव ग्राह्य आहे. विशेषण गेले, च्यवनप्राशाचे काही बिघडले नाही.

खरा धोका खरेदीत आहे. आपली शतावरी म्हणजे अस्पॅरॅगस रेसिमोसस, आणि घ्यावयाचे ते तिचे मूळ. अस्पॅरॅगस ऑफिसिनॅलिस ही कोवळ्या कोंबांसाठी लावली जाणारी विलायती भाजी होय. ‘ऑफिसिनॅलिस’ म्हणजे ‘अस्सल’ असे मानून तिचे मूळ उचलल्यास शतावरी कल्पात शतावरीच राहणार नाही. कॅलेंड्युला ऑफिसिनॅलिसची गोष्ट याच्या उलट आहे. तेथे विशेषणाकडे दुर्लक्ष केल्याने घोटाळा होतो. इंग्रजीत कॅलेंड्युला व आपला तोरणाचा झेंडू, अर्थात टॅजेटिस, या दोहोंस ‘मॅरीगोल्ड’ म्हणतात. दोन्ही एकाच कुळातील असल्या तरी प्रजाती भिन्न आहेत. वाळलेल्या पाकळ्या केवळ रंगावरून ओळखू पाहणे धाडसाचे; अखंड फुलोरा मागवावा.

बिलावर प्रजाती, जाती व वनस्पतीचे अंग ही तिन्ही पूर्ण लिहून घ्यावीत. नुसते ‘ऑफि.’ असे लिहिलेले बिल आम्ही मालासह परत पाठवितो.