वर साठ, खाली चाळीस

बेळगावच्या बाजारपेठेत आमचं भांड्यांचं दुकान आजोबांपासूनचं. दारावरची पाटी १० फूट लांब आणि ३ फूट उंच. वर ठसठशीत मराठी, त्याखाली कन्नड, कडेला इंग्रजी. गेल्या वर्षी ‘पाटी नियमात आणा’ अशी सूचना आली आणि घरात वादाला तोंड फुटलं.

आधी नियम काय ते सांगते. कर्नाटकात कन्नड भाषेच्या सर्वंकष विकासाचा २०२२ चा कायदा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये बेंगळुरूत इंग्रजी पाट्यांविरुद्ध मोठं आंदोलन झालं, पाट्यांची मोडतोडही झाली. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये विधिमंडळाने या कायद्यात दुरुस्ती मंजूर केली. दुकानं, हॉटेलं, दवाखाने, कारखाने यांच्या नामफलकावर ६० टक्के कन्नड हवं आणि ते फलकाच्या वरच्या अर्ध्या भागात हवं. आंदोलनाचा रोख इंग्रजीवर होता, पण बेळगावात पाटीचा विषय निघाला की तो मराठीपर्यंत येतोच.

आमच्या पाटीचं क्षेत्रफळ ३० चौरस फूट. म्हणजे कन्नडला १८ आणि बाकी सगळ्यांना मिळून १२. धाकटा भाऊ हिशेबात पक्का. तो म्हणाला, “वरचा अर्धा भाग तर १५ चौरस फुटांचाच. त्यात १८ कसे बसवायचे?” पेंटरमामा हसले. “वरून सुरुवात करायची, उरलेलं खाली सरकतं. सगळे तसंच करतात.”

बाबांना मात्र हसू येत नव्हतं. “आपल्या वडिलांनी लावलेली पाटी आहे. मराठी वर आणि मोठीच राहणार. दंड झाला तर भरू,” असं त्यांनी जाहीर केलं. सीमाभागातल्या घरांत अशी वाक्यं का येतात, हे मला कुणी समजावून सांगायला नको. पाटीवर नुसतं दुकानाचं नाव नसतं, आपण इथे किती वर्षं आहोत तेही असतं.

तरीही मी त्यांना विचारलं, “बाबा, महाराष्ट्रातला नियम तुम्हाला आवडला होता ना?” तिथे २०२२ च्या दुरुस्तीने सगळ्या दुकानांना देवनागरीत मराठी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षर इतर भाषांच्या अक्षरांपेक्षा लहान नको असं ठरलं. मुंबईतले व्यापारी न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोन महिन्यांत पाट्या बदलायला सांगितलं, तेव्हा बाबांनी दुकानात ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली होती. मग जतच्या किंवा अक्कलकोटच्या कन्नड दुकानदाराने ‘माझी भाषा मोठी ठेवतो, दंड भरतो’ म्हटलं तर? बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी गल्ला उघडला आणि पुन्हा बंद केला.

मी त्यांना अकोला जिल्ह्यातल्या पातूरचा खटलाही सांगितला. नगरपरिषदेच्या फलकावर मराठीच्या खाली उर्दू होती, ती काढावी अशी मागणी होती. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. राज्यभाषा लिहिल्यावर तिच्या जोडीला दुसरी भाषा लिहायला कायद्याची आडकाठी नाही. म्हणजे राज्याच्या भाषेला पहिला मान आणि शेजारच्या भाषेलाही जागा, या दोन्ही गोष्टी एका फलकावर नांदू शकतात.

मग आम्ही जुन्या पाटीचा फोटो काढून मापं घेतली आणि तिथे मला खरी गोष्ट दिसली. इंग्रजी नाव, ‘होलसेल अँड रिटेल’, फोन नंबर, कंपन्यांची चिन्हं या सगळ्यांनी मिळून ९ चौरस फूट खाल्ले होते. नव्या हिशेबात ते तसेच ठेवले असते, तर मराठीला उरले असते ३. इतकी लहान अक्षरं रस्त्यापलीकडून वाचता आली नसती. त्याला कन्नडचा नियम नव्हे, आमची सवय जबाबदार ठरली असती. आमच्याकडे खानापूर-चंदगडहून मराठी गिऱ्हाईक येतं आणि बैलहोंगल-सौंदत्तीहून कन्नड. कुकर घ्यायला इंग्रजी पाटी वाचून आलेलं कुणी मला आठवत नाही.

आता पाटीवर वर कन्नड आणि खालच्या सगळ्या जागेत मराठी आहे. एका कोपऱ्यात तेवढा फोन नंबर. बिलबुकं मराठी-कन्नड छापून घेतली. बाबा अजून पूर्ण खूश नाहीत आणि त्यांनी व्हावं असा माझा आग्रहही नाही.

पाटी चढवली त्या दिवशी ते खाली उभे राहून दोन्ही ओळी वाचत होते. कन्नड त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. म्हणाले, “बेळगावातला ‘ळ’ कन्नडमध्ये जसाच्या तसा आहे बघ. इंग्रजीत त्याचा ‘ल’ झाला होता, ते इतकी वर्षं आपण चालवून घेतलं.” मग पेंटरमामांना चहा सांगायला ते स्वतःच गेले.