हवामान बदलाची नैसर्गिक व मानवी कारणे : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात

परभणी जिल्ह्यातील काळी जमीन ज्या बेसाल्ट खडकापासून बनली, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून निर्माण झाला. ज्वालामुखी, सौरऊर्जेतील चढउतार व पृथ्वीच्या कक्षेतील बदल ही हवामान बदलाची नैसर्गिक कारणे होत. सध्याची तापमानवाढ मात्र मानवनिर्मित आहे. कोळसा व खनिज तेलाचे ज्वलन आणि जंगलतोड यांमुळे हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दशलक्ष भागांत २८० वरून ४२० च्या पुढे गेले आहे. सूर्य कारणीभूत असता तर स्थितांबरही तापले असते. प्रत्यक्षात ते थंड होत आहे. पावसावर विसंबलेल्या येथील कापूस व सोयाबीन उत्पादकांच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा ठरतो. कारण मानवनिर्मित संकटाचे निवारणही मानवाच्याच हाती असते.