फोनवरची फसवणूक : आधी घरच्यांना सांगा



आपल्या नागपुरात कितीतरी घरी मुलं पुण्या-बंगळूरला नोकरीला आणि घरात आजी-आजोबा दोघंच असतात. अशा घरी दुपारी फोन येतो, "सीबीआयमधून बोलतोय. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले. व्हिडिओ कॉल सुरूच ठेवा, कुणालाही सांगू नका." यालाच 'डिजिटल अटक' म्हणतात. पण अशी अटक कायद्यात नाहीच! २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही हे स्पष्ट सांगितलं होतं.

या फोनमधलं खरं हत्यार म्हणजे 'कुणालाही सांगू नका' हे वाक्य. माणूस एकटा पडला की घाबरतो आणि सांगतील तसं करत जातो. शेजाऱ्याशी एक शब्द जरी बोलला, तरी भामट्याचा खेळ तिथेच संपू शकतो.

म्हणून घरातल्या सगळ्यांना एवढं पक्कं सांगा :

१. भीती किंवा घाई दाखवणारा फोन कापा आणि घरच्या माणसाला सांगा.
२. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. ओटीपीही कुणाला सांगू नका.
३. चलान किंवा लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल उघडू नका.

तरीही पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० वर फोन करा. भामटे पैसे भराभर दुसऱ्या खात्यांत फिरवतात. ते निघून जाण्याआधी तक्रार झाली, तर बँक रक्कम रोखू शकते. इथे एकेक मिनिट मोलाचं असतं.

आणि नेमकं इथेच घर कमी पडतं. "एवढं कसं कळलं नाही तुम्हाला?" असं ऐकावं लागेल या लाजेनं आजोबा दोन दिवस गप्प राहतात, तोवर पैसे हाती लागत नाहीत. त्यामुळे "काहीही झालं तरी आम्ही रागावणार नाही" हे त्यांना आजच सांगून ठेवा.

वर्गात याचं छान नाट्यीकरण होतं. एक मूल भामटा, एक आजोबा, एक नात. नातीचं वाक्य एकच, "आजोबा, फोन ठेवा, आधी बाबांना विचारू." गृहपाठही सोपा आहे. कागदावर मोठ्या अक्षरात १९३० लिहून घरी भिंतीवर चिकटवायचं आणि आजी-आजोबांना वाचून दाखवायचं.