उतारवयातील स्थूलता आणि छेदाविना उपचार

साठी उलटली की गुडघे कुरकुरू लागतात, जिना चढताना धाप लागते. डॉक्टर वजन उतरवावयास सांगतात. त्यासाठी चालावे, तर गुडघे चालू देत नाहीत. या कोंडीत सापडलेले आपले कित्येक माजी विद्यार्थी आणि पालक आम्हांस ‘पोट न कापता होणाऱ्या’ उपचारांविषयी विचारतात. त्यांच्यासाठी हे विवेचन.

‘दुर्बिणीने’ या एका शब्दात आपल्याकडे दोन निराळ्या गोष्टी मावतात. लॅप्रोस्कोपीत पोटावर लहान छिद्रे पाडून जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकतात. एंडोस्कोपीत मात्र नळी तोंडावाटे जठरात उतरते. बाहेर व्रण राहत नाही. या मार्गाने जठरात सलाइनने भरलेला फुगा ठेवता येतो. तो साधारण सहा महिन्यांनी काढतात, आणि पुष्कळांचे वजन पुढे पुन्हा वाढू लागते. आरंभीच्या मळमळ-उलट्यांनी वृद्धांच्या शरीरातील पाणी झपाट्याने घटू शकते, हेही ध्यानात ठेवावे. दुसऱ्या पद्धतीत जठर आतून टाके घालून अरुंद करतात. त्यास भूल द्यावीच लागते. २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीने, आहार-व्यायामाच्या मार्गदर्शनासह, वर्षभरात सरासरी १३.६ टक्के वजन घटले. केवळ मार्गदर्शन लाभलेल्यांचे ०.८ टक्के. परंतु त्या चाचणीत ६५ वर्षांवरील व्यक्तींना प्रवेशच नव्हता. आमच्या वाचकांसाठी ही बाब त्या टक्केवारीहून महत्त्वाची आहे.

कारण वृद्धांच्या बाबतीत प्रश्न केवळ किलोंचा नसतो. वजनाबरोबर चरबी जाते, तसे स्नायूही जातात, आणि वयोमानाने ते आधीच झिजलेले असतात. काटा दहा किलोंनी उतरला, पण हाताचा टेकू घेतल्याशिवाय खुर्चीतून उठता येईना, तर काय मिळवले? म्हणून पायांतील बळ आधीच तपासून घ्यावे. जेवण चार घासांवर आले, की भात-भाकरीआधी वरण, दही, अंडे वा मासा पोटात जावा. कवळी सैल असेल तर ती प्रथम नीट करून घ्यावी. वजन उतरू लागले, की मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्रा बहुधा घटवावी लागते. ती तशीच राहिल्यास चक्कर येऊन पडण्याचा, प्रसंगी खुब्याचे हाड मोडण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास तेही आधीच सांगावे.

पुढील वर्षभर आहार, व्यायाम व गोळ्या यांकडे कोण पाहणार, हे डॉक्टरांना विचारून घेतल्याखेरीज प्रक्रियेची तारीख ठरवू नये, असे आम्ही सुचवू.