बर्फातील धुळीची साक्ष

बीड जिल्ह्यातून बालाघाटची डोंगररांग गेलेली आहे आणि त्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तथापि मोसमी वाऱ्यांचे बरेचसे पाणी सह्याद्रीवरच रिते होते व या भागाच्या वाट्यास थोडा पाऊस येतो. म्हणून पाऊस केव्हा आला आणि किती आला, हा येथील प्रत्येक घराचा प्रश्न असतो. १९७२ सालचा दुष्काळ वृद्ध माणसांच्या स्मरणात आहे. २०१५ च्या दुष्काळानंतर गावोगावी पाण्याच्या टँकरपुढे लागलेल्या रांगा तर अगदी अलीकडच्या आहेत.

स्मरणाच्याही मागे गेल्यास कागदपत्रांचा आधार घ्यावा लागतो. भारतातील हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. पुढच्याच वर्षी दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला आणि लक्षावधी माणसे अन्नावाचून मृत्यू पावली. त्यापूर्वीच्या काळात पर्जन्यमापक यंत्रे फारच थोड्या ठिकाणी होती. मग त्या काळी पाऊस कधी व किती वर्षे रुसला होता, हे कसे समजावे? या प्रश्नाचे उत्तर बीडपासून फार दूर, जेथील बर्फ वर्षभर वितळत नाही अशा प्रदेशात सापडले आहे. आणि ते सापडले बर्फातील मळामध्ये.

ध्रुवांजवळ व अतिउंच पर्वतांवर दर वर्षी हिम पडते. जुन्या थरावर नवा थर बसतो. वरच्या थरांच्या भाराने खालचे भुसभुशीत हिम दाबले जाते आणि त्याचा कठीण बर्फ बनतो. हिम पडताना हवेत जे जे तरंगत असते ते ते त्याच्याबरोबर खाली येते. वाळवंटातील व शेतांतील धूळ, समुद्राच्या तुषारांतील मीठ, वणव्यांची काजळी, ज्वालामुखींतून निघालेली आम्ले, कारखान्यांचा धूर या सर्वांचे अंश त्या त्या वर्षाच्या थरात अडकून राहतात. हे अंश म्हणजे बर्फातील अशुद्ध द्रव्ये होत. पिण्याच्या पाण्यात अशी द्रव्ये कोणासही नको असतात. परंतु शास्त्रज्ञ त्यांचाच शोध घेत असतात, कारण शुद्ध बर्फ सर्वत्र सारखाच असतो. कोणत्या वर्षी काय घडले, हे सांगण्यास ही द्रव्ये फार उपयोगी पडतात.

हे थर तपासण्यासाठी बर्फात छिद्र पाडतात. विंधन विहीर खोदताना खडकाची भुकटी होऊन वर येते. येथे मात्र दातेरी कडा असलेली पोकळ नळी वापरतात, त्यामुळे बर्फाचा अखंड दंडगोल नळीतून बाहेर काढता येतो. या दंडगोलास हिमगाभा म्हणतात. जितके खोल जावे तितका बर्फ जुना. दक्षिण ध्रुवाभोवतालच्या अंटार्क्टिका खंडात तीन किलोमीटरहून अधिक खोलीवरून काढलेल्या एका गाभ्यात आठ लक्ष वर्षांची नोंद मिळाली आहे. पृथ्वीवर हिमयुग असताना त्या ठिकाणी आजच्यापेक्षा सुमारे पंचवीस पट धूळ पडत होती, असे तिच्यावरून दिसून आले. त्या काळी हवा अधिक कोरडी व वारे अधिक जोराचे होते, हे त्याचे एक कारण होय.

या कार्यात भारताचाही वाटा आहे. १९८१ च्या डिसेंबरात पहिली भारतीय मोहीम गोव्याहून अंटार्क्टिकाकडे निघाली. पुढे १९९८ साली गोव्यात वास्को-द-गामा येथे एक संशोधन संस्था स्थापन झाली. आज तिला राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र असे नाव आहे. बाहेर समुद्रकाठची उष्ण व दमट हवा असते आणि आत हिमगाभ्यांच्या प्रयोगशाळेत तापमान शून्याखाली पंधरा ते वीस अंश असते. जाड लोकरी कपडे घालून शास्त्रज्ञ तेथे बर्फ कापतात. खोदताना व हाताळताना गाभ्याच्या पृष्ठभागास मळ लागतो, म्हणून बाहेरचा थर तासून टाकतात आणि आतील स्वच्छ भागच तपासणीसाठी वितळवतात.

इतकी दक्षता का घ्यावी लागते, हे एका हिशेबावरून कळेल. दहा हजार लिटर पाण्याचे एक टँकर, असे शंभर टँकर एका तळ्यात ओतले आणि त्यात केवळ एक ग्रॅम मीठ विरघळविले, तर त्या मिठाचे प्रमाण शंभर कोटी भागांत एक भाग इतके होईल. बर्फातील पुष्कळ द्रव्ये अशाच अत्यल्प प्रमाणात असतात. घामाचा एक थेंब पडला तरी सारे मोजमाप चुकेल.

बाविसाव्या भारतीय मोहिमेने अंटार्क्टिकातून आणलेला सुमारे ६२ मीटर लांबीचा एक गाभा या संस्थेतील शास्त्रज्ञांनी तपासला. त्यातील काही थरांत आम्लाचे प्रमाण एकाएकी वाढलेले आढळले. १८१५ साली तांबोरा व १८८३ साली क्राकाटोआ या इंडोनेशियातील ज्वालामुखींचे प्रचंड स्फोट झाले होते. त्यांची ती खूण होती. स्फोटांची वर्षे इतिहासावरून ठाऊक असल्यामुळे अशा थरांचा उपयोग मैलांच्या दगडांसारखा होतो. त्यांच्या मधले थर मोजले म्हणजे प्रत्येक थराचे वर्ष ठरविता येते.

अंटार्क्टिका पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास आहे. मोसमी पावसाची नोंद हवी असेल तर त्या पावसाच्या वाटेवरील बर्फ पाहिला पाहिजे. अशा बर्फाचा शोध घेत लॉनी थॉम्पसन हे अमेरिकन शास्त्रज्ञ आपल्या सहकाऱ्यांसह १९९७ साली तिबेटमधील दासुओपू या हिमनदीवर गेले. ही हिमनदी हिमालयात सुमारे ७,२०० मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीवर श्वास घेणेही कठीण. तरी तेथे खोदकाम करून त्यांनी तीन गाभे काढले. त्यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला.

ज्या वर्षी मोसमी पाऊस कमी होतो त्या वर्षी जमीन सुकते व वाऱ्याबरोबर अधिक धूळ उडते. म्हणून धूळ आणि क्लोराइड नावाचे क्षार ज्या थरांत वाढलेले दिसतात, ते थर अवर्षणाची वर्षे दाखवितात. १८७६ च्या सुमाराचा दुष्काळ त्या बर्फात स्पष्ट दिसला. त्याखाली आणखी एक ठळक खूण होती. १७९० ते १७९६ या वर्षांच्या थरांत ही द्रव्ये फारच वाढलेली होती. गेल्या एक हजार वर्षांत याहून तीव्र अवर्षण झाल्याचे त्या गाभ्यांत आढळले नाही.

बर्फाची ही साक्ष माणसांच्या इतिहासाशी जुळते. १७९१ व १७९२ या वर्षी दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ होता. मृतांची संख्या इतकी मोठी होती की त्यांचे दहन अगर दफन करण्यासही माणसे उरली नाहीत. म्हणून तो कवट्यांचा दुष्काळ या नावाने ओळखला जातो. हिमालयातील धुळीने आणि दख्खनमधील दुःखाने एकाच काळाची नोंद ठेवली होती.

हिमनदीवरील नोंदीवरून बीडच्या एखाद्या गावात किती पाऊस पडला हे सांगता येत नाही. परंतु मोसमी पाऊस एकदोन वर्षेच नव्हे, तर लागोपाठ अनेक वर्षे दुबळा पडू शकतो, हे तिने दाखवून दिले आहे. जे एकदा घडले ते पुन्हा घडणे अशक्य नाही. तलाव किती मोठा असावा, विहिरीतून किती पाणी उपसावे, कोणते पीक घ्यावे याचा विचार करताना गेल्या पाचपंचवीस वर्षांचा अनुभव पुरेसा नाही. बीडजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकात बांधली गेली, तेव्हा ती बांधणाऱ्यांनी पुढील अनेक पिढ्यांची तहान लक्षात घेतली होती. अशा दूरदृष्टीची आजही गरज आहे.

बर्फातील मळ मनुष्याच्या कृत्यांचीही नोंद ठेवतो. विसाव्या शतकात दासुओपूच्या बर्फातील धूळ चौपट व क्लोराइड दुप्पट झाले. उत्तर ध्रुवाजवळच्या ग्रीनलंडमध्ये, पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची पद्धत पसरल्यानंतर बर्फातील विषारी शिशाचे प्रमाण फार वाढलेले आढळले. पुढे अनेक देशांनी ही पद्धत बंद केली. भारतात ती २००० साली थांबली. त्यानंतर ग्रीनलंडच्या नव्या बर्फात शिसे कमी झाल्याचे दिसले. माणसाने चूक सुधारली तर हवाही सुधारते, हे त्यावरून सिद्ध झाले.

आज पृथ्वी तापत आहे आणि पर्वतांवरील अनेक हिमनद्या वितळत आहेत. हिम वितळले म्हणजे वरच्या थरांतील द्रव्ये पाण्याबरोबर खाली झिरपतात आणि वर्षांची नोंद पुसली जाते. म्हणूनच जगातील काही थंड कोठारांत हिमगाभे काळजीपूर्वक जपून ठेवलेले आहेत. त्यांतील चिमूटभर धूळ आणि कणभर मीठ यांचे मोल मोठे आहे. कारण ज्या वर्षांचा पाऊस कोणीही मोजला नाही, त्या वर्षांचा हिशेब त्यांच्याजवळ आहे.